पाढे तोंडपाठ, तरी सात अधिक पाच विचारलं की बोटं निघतात

आईने बसता बसताच वही पुढे सरकवली. मुलगी तिसरीत, वय आठ. “मॅडम, दहापर्यंतचे पाढे खडाखडा म्हणते. रोज संध्याकाळी मी म्हणून घेते. पण मधलंच काही विचारलं की गप्प. आणि सात अधिक पाच विचारलं की अजून बोटं निघतात. कधी बारा सांगते, कधी अकरा. हिचं लक्ष नाही, की गणितात डोकंच चालत नाही?”

ही तक्रार पुष्कळ घरांतून येते. ओळख पटू नये म्हणून इथे दोन-तीन घरांतले तपशील एकत्र केले आहेत.

वहीतल्या चुका आधी नीट पाहाव्या लागतात, कारण ‘निष्काळजीपणा’ या शेऱ्याखाली बहुतेक वेळा एखादी पद्धत दडलेली असते. इथे ७ + ५ = ११, ८ + ६ = १३, ९ + ४ = १२. सगळी उत्तरं बरोबर एकाने कमी. वजाबाकीत उलट: १३ − ५ = ९, म्हणजे एकाने जास्त. अंदाधुंद चुका इतक्या शिस्तीत येत नाहीत.

“सात अधिक पाच मोठ्याने मोजून दाखव,” असं सांगितल्यावर मुलीने पाच बोटं उघडली, पहिल्या बोटाला हात लावून म्हणाली, “सात”. मग आठ, नऊ, दहा, अकरा. बोटं संपली, उत्तर अकरा. सुरुवातीचा सात तिने दोनदा वापरला होता. तेरातून पाच काढतानाही पहिल्या बोटाला ‘तेरा’ आणि पाचव्याला ‘नऊ’. मोजायला ती चुकत नव्हती, चुकीच्या ठिकाणाहून सुरू करत होती. घाई नसली की कधीकधी आपोआप सुधारायची, म्हणून ‘कधी बारा, कधी अकरा’.

यावर तिथेच पहिला खेळ दिला. एका वाटीत सात बटणं टाकायची आणि वर झाकण ठेवायचं. बाहेर पाच बटणं ओळीने मांडायची. झाकणावर टिचकी मारून “सात”, मग पहिल्या बटणाला “आठ”. वाटीतली बटणं दिसत नसल्यामुळे ती पुन्हा मोजता येत नाहीत, आणि ‘सात’ हा शब्द झाकणावरच खर्च होतो. चार-पाच वेळा खेळल्यावर मुलगी स्वतःच म्हणाली, “म्हणजे बोटावर आठपासून?” बोटांवर मोजायला बंदी घालू नये, हेही आईला तेव्हाच सांगितलं. बंदी घातली की मूल टेबलाखाली मोजतं, नाहीतर जिभेने दात मोजतं. मग चूक कुठे होते आहे, तेही दिसेनासं होतं.

बरोबर मोजता येणं ही अर्धीच वाट झाली. पुढे तीन अंकी बेरजेत हातचा सांभाळताना प्रत्येक घराला सात-आठ सेकंद मोजणीत गेले, तर हातचा विसरतोच. त्यासाठी छोट्या बेरजा न मोजता, साधारण तीन सेकंदांत सुचायला हव्यात. इथे आई-बाबांना वाटतं तेवढं ओझं नसतं. ० ते ९ अंकांच्या बेरजा कोष्टकात मांडल्या तर घरं १०० होतात. ३ + ८ आणि ८ + ३ एकच धरलं की ५५ उरतात. त्यांतून शून्य आणि एक मिळवायच्या १९ गेल्या, जोड्या (२ + २ ते ९ + ९) ८ गेल्या. उरल्या २८. कोष्टकावर हे रंगीत पेन्सिलीने मुलासमोर खोडायचं. या मुलीला जोड्या आधीच येत होत्या, म्हणून अर्धा कागद पहिल्याच दिवशी रंगला आणि तिचा चेहराही बदलला.

उरलेल्या २८ साठी दहाचा चौकोन. कागदावर दोन ओळी, प्रत्येक ओळीत पाच घरं. घर एवढं मोठं की एक बटण आरामात बसेल. दोन रंगांची दहा-दहा बटणं. ८ + ५ साठी आठ निळी बटणं चौकोनात ठेवायची, वरची ओळ पूर्ण भरल्यावरच खालची सुरू करायची. पाच लाल बटणं बाहेर. दोन घरं रिकामी आहेत हे दिसतंच. दोन लाल बटणं उचलून तिथे टाकायची. चौकोन भरला, बाहेर तीन. तेरा. मराठीत ‘तेरा’ म्हणताना दहा आणि तीन वेगळे ऐकू येत नाहीत, म्हणून ते आधी हाताखाली दिसलेले बरे. बटणं मन मानेल तशी विखरून ठेवली तर खेळ फुकट जातो, मूल पुन्हा एकेक मोजायला लागतं. ओळ भरण्याचा नियम त्यासाठी आहे. आठवड्याभराने चौकोन समोर ठेवायचा, पण बटणं द्यायची नाहीत. नुसतं बघून सांगायचं. मग चौकोनही उचलायचा.

दहाच्या जोड्या पक्क्या करायला पत्ते सगळ्यात सोयीचे. चित्रांचे पत्ते आणि दश्श्या काढून टाकल्या की ३६ पत्ते उरतात, एक्का म्हणजे १. सगळे पालथे करून चार ओळींत नऊ-नऊ मांडायचे. पाळीपाळीने दोन उलटायचे. बेरीज दहा झाली तर जोडी आपली, नाही तर परत पालथे. बरोबर अठरा जोड्या होतात आणि शेवटी एकही पत्ता उरत नाही. उरलाच, तर कुठेतरी चुकीची जोडी उचलली गेली आहे. ती शोधायची जबाबदारी दोघांची. खेळच चूक दाखवतो, आईला ‘चुकलीस’ म्हणावं लागत नाही, हा याचा मोठा फायदा. लहान मुलाला ३६ पत्ते फार होतात. दोनच रंगांचे (उदा. बदाम आणि इस्पिक) १८ पत्ते घ्यावेत, तेही जुळतात. पुढे याच ३६ पत्त्यांत एक गुलाम घालून गुलामचोर खेळता येतो: हातातल्या दहाच्या जोड्या खाली टाकायच्या, पाळीने शेजाऱ्याचा एक पत्ता ओढायचा, शेवटी गुलाम ज्याच्याकडे तो चोर.

वजाबाकीसाठी तिघं लागतात. दोघं एकेक पत्ता न बघता कपाळाला लावतात, तिसरा दोन्ही पाहून बेरीज सांगतो. समोरच्याच्या कपाळावर सहा, बेरीज चौदा, मग माझा पत्ता किती? वजाबाकी म्हणजे हरवलेला आकडा शोधणं, हे यात न समजावता समजतं. मात्र तिसऱ्याने बेरीज चुकीची सांगितली की सगळा डाव कोसळतो. सुरुवातीला तो तिसरा मोठा माणूस असावा.

दोन आठवड्यांनी आईचा फोन आला: मुलगी खेळायलाच तयार नाही. चौकशी केल्यावर कळलं, पाचवीतला दादाही खेळायला बसत होता आणि तिच्या पाळीतही उत्तर ओरडून मोकळा होत होता. शिवाय बाबांनी मोबाइलवर वेळ लावायला सुरुवात केली होती. वेळ लावली की जी मुलं अजून मोजून उत्तर काढतात ती घाईने अंदाज ठोकतात, आणि चुकीचं उत्तर चार वेळा तोंडातून गेलं की तेच बसतं. नियम दोनच बदलले. ज्याचे पत्ते, त्यानेच उत्तर द्यायचं. दुसऱ्याने तोंड उघडलं तर त्याचा एक पत्ता जप्त. आणि दादासाठी गुणाकार, तिच्यासाठी बेरीज: दोघंही दोन-दोन पत्ते उलटतात, तो आपल्या पत्त्यांचा गुणाकार करतो, ती बेरीज. ज्याच्या उत्तरातला शेवटचा अंक मोठा त्याला चारही पत्ते. आता कोण जिंकेल हे हुशारीवर नाही, पत्त्यावर. घड्याळ बाजूला ठेवलं.

पाढ्यांची गोष्ट वेगळी होती. “सात आठी?” विचारल्यावर मुलीचे ओठ हलायला लागायचे: सात एके सात, सात दुणे चौदा... तिने पाढा गाण्यासारखा पाठ केला होता, आणि गाण्याची आठवी ओळ हवी असेल तर बहुतेक जण पहिल्यापासूनच गुणगुणतात. पाढे म्हणणं बंद करायची अजिबात गरज नाही. ती लय पुढे कामालाच येते. फक्त मध्येच शिरायला दारं हवीत.

चौकटीच्या वहीवर ७ ओळी आणि ८ रकाने असा आयत काढून कापायचा. पाचव्या ओळीखाली घडी घालायची. वर ५ × ८, म्हणजे ४०. खाली २ × ८, म्हणजे १६. छप्पन्न. घडी उघडायची, मिटायची, बोटाने दाखवायची. हेच ६ × ७ ला: ५ × ७ आणि आणखी एक ओळ, ३५ आणि ७. ७ × ८ चा कागद फिरवून धरला की ८ × ७ होतो आणि चौकोन तेवढेच राहतात, हेही तेव्हाच दिसतं. चूक होते ती मोजण्यात: मुलं घरांऐवजी रेघा मोजतात आणि सातच्या जागी आठ धरतात. कापण्याआधी प्रत्येक ओळीत टिंब द्यायला सांगावं.

२ ते ९ पर्यंतचे गुणाकार उलटसुलट एक धरले तर ३६ आहेत. दोनचे आणि पाचचे बहुतेकांना येतात, ते काढले की २१. नऊचे दहापटीतून एकदा वजा करून निघतात (९ × ६ म्हणजे ६० मधून ६), ते काढले की १५. त्यांतले वर्ग पाच: ३, ४, ६, ७, ८ चे. खरी मेहनत उरते ती दहांवर: ३ × ४, ३ × ६, ३ × ७, ३ × ८, ४ × ६, ४ × ७, ४ × ८, ६ × ७, ६ × ८, ७ × ८. एका वेळी यातले दोनच घ्यायचे. दोन नव्या चिठ्ठ्या, आठ येणाऱ्या चिठ्ठ्या, दहाचा गठ्ठा. नव्या जास्त घातल्या की मूल सतत अडतं आणि गठ्ठाच नकोसा होतो. उत्तर तीन दिवस ओळीने, न अडखळता आलं की ती चिठ्ठी ‘येणाऱ्या’त, आठवड्याने पुन्हा एकदा विचारायची, कारण तेवढ्यात ती निसटते.

फासे वापरायचे असतील तर एक लक्षात ठेवावं: साध्या फाशांवर ७, ८, ९ येतच नाहीत, म्हणजे त्या दहा अवघड गुणाकारांतले सात कधीच पडत नाहीत. त्यासाठी ३ ते ९ चे पत्तेच बरे.

रोज दहा मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. दहाव्या मिनिटाला मूल रमलेलं असलं तरी थांबायचं. आईने विचारलं, “आणि तरी जमलं नाही तर?” तर थांबून पाहायचं. दोन-तीन महिने नियमित खेळूनही आठ-नऊ वर्षांच्या मुलाला चार बटणं न मोजता ‘चार’ दिसत नसतील, १७ आणि ७१ मधला मोठा कोणता यावर दर वेळी अडत असेल, कालचं आज पूर्ण पुसलं जात असेल, तर अध्ययन अक्षमतेची (बुद्धी साधारण असूनही शिकण्यात येणाऱ्या अडचणीची) तपासणी करून घ्यावी. नुसती बोटं मोजतं म्हणून नाही.

नवव्या आठवड्यात आई कोष्टकाचा कागद घेऊन आली. बेरजांची चार घरं कोरी: ३ + ६, ४ + ७, ५ + ७, आणि ८ + ५ जे मध्येच परत अडायला लागलं होतं. त्यासाठी चौकोन पुन्हा दोन दिवस बाहेर काढायला सांगितला. गुणाकारांत ६ × ८ अजून सुचत नव्हता. मुलगी मात्र बोटं न काढता म्हणाली, “पाच आठे चाळीस, आणि एक आठ,” आणि क्षणभर छताकडे पाहून, “अठ्ठेचाळीस.” आई पुढचा प्रश्न विचारणार होती, तेवढ्यात मुलीने पिशवीतून पत्ते काढले आणि पिसायला सुरुवात केली.