हिरवी खूण पुरेशी आहे का?

प्रश्न : मुलगा अमेरिकेत असतो. तिथे गोचीड चावल्यानंतर त्याला अल्फा-गॅल ॲलर्जी झाली. डॉक्टरांनी मटण आणि दूध दोन्ही बंद केलंय. दिवाळीला तो घरी येतोय. हिरवी खूण पाहून पाकिटं आणली तर चालतील ना? (एक आई, शिरपूर)

उत्तर : ताई, निम्मंच काम होईल. अल्फा-गॅल ही गाय, म्हैस, बकरी, डुक्कर अशा सस्तन प्राण्यांच्या शरीरातली साखर. हिरव्या खुणेमुळे मांस, चरबी आणि जिलेटिन टळतं, पण आपल्या नियमांत दूध शाकाहारी धरतात. म्हणून घटकांची यादी वाचाच. मिल्क सॉलिड्स, व्हे पावडर, केसिनेट, बटर ऑइल, चीज पावडर यांपैकी काहीही दिसलं तर पाकीट परत ठेवा. बिस्किटं आणि मसाला वेफर्समध्ये हे हमखास सापडतं. यादीत ४०७ हा आकडाही (घटकाचा क्रमांक) पाहा. ते कॅरागीनन, लाल समुद्री शेवाळातलं. वनस्पतीजन्य असूनही त्याच्यात तशीच साखर असते, काहींना त्रास होतो.

यादीतला ४७१ हा आणखी एक घटक चरबीपासूनही बनतो आणि तेलापासूनही. हिरव्या खुणेच्या पाकिटात तो वनस्पतीजन्यच असायला हवा. मात्र मुलगा तिकडून खाऊ आणेल त्यावर आपली खूण नसते, तिथे ४७१ चं नावच, मोनो-डायग्लिसराइड्स, छापतात. कंपनीला विचारल्याशिवाय तो खाऊ त्याला देऊ नका.

मांसाहाराची खूण, तपकिरी त्रिकोण, दिसला म्हणून सगळंच वर्ज्य नाही. तो अंड्यामुळेही येतो, आणि अंडी, कोंबडी, मासे यांत अल्फा-गॅल नसतं. फक्त मटणाच्या कढईतलं तेल कोंबडीला वापरू नका.

घरचं बरंच काही चालेल : कळण्याची भाकरी, भरीत, बिबडे, तेलात तळलेले साधे खारे केळी वेफर्स. मांडे करा, पण पिठात दूध नको आणि वर तूप नको. सुट्या मिठाईत खवा-तूप असतंच असं धरून चाला.

औषधांच्या दुकानात हिरव्या खुणेवर विसंबू नका. कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटिनचं असतं, गोळी किंवा पातळ औषध मिळतं का ते डॉक्टरांना विचारा.

त्रास खाल्ल्यावर लगेच होत नाही, २ ते ६ तासांनी होतो. रात्री जेवलेलं मध्यरात्री अंगावर गांधी, पोटात कळ, उलटी होऊन बाहेर येतं. नुसतं पोट दुखलं तरी पित्त समजून सोडा-लिंबू देत बसू नका. त्याचं ॲड्रेनालिनचं इंजेक्शन त्याने तिकडूनच आणावं आणि उशाशी ठेवावं. श्वास लागला, चक्कर आली, तर आधी ते टोचायचं, मग लगेच दवाखाना.