गरम झाल्यावर बंद पडणारी गाडी: पंप बदलण्याआधी एवढं बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 2007 ची पेट्रोल गाडी, मागाहून बसवलेलं सीक्वेन्शियल (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस इंजेक्टर असलेलं) सीएनजी किट. सकाळी ठाण्यात वाघबीळहून निघताना पहिल्याच सेल्फला सुरू होते. कापूरबावडी-माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये अचानक बंद पडते. सेल्फ नीट फिरतो, पण इंजिन पकडत नाही. वीस-पंचवीस मिनिटं थांबलात की मुकाट्याने सुरू होते. गॅरेजने बॅटरी आणि प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी साफ केली, फरक काहीच नाही. आता फ्युएल पंप बदलायला सांगताहेत.

पंप अजून बदलू नका.

सेल्फ जोरात फिरत होता, म्हणजे बॅटरी आणि स्टार्टरकडे बघायचं कारणच नव्हतं. अशा दोषात गाडी गॅरेजला पोचेपर्यंत थंड झालेली असते, सगळं चेक केलं तरी ठीकच दिसतं, मग मेकॅनिक अंदाजाने एकेक पार्ट बदलत राहतो आणि पैसे तुमचे जातात. खरं निदान होतं ते गाडी बंद पडलेली असते त्या वीस मिनिटांत. आणि तेव्हा गाडीजवळ तुम्ही असता, मेकॅनिक नाही.

आधी नीट आठवा, बंद पडते कशी? चावी फिरवून बंद केल्यासारखी एका झटक्यात, की आचके देत, रेस उतरत? आचके देत असेल तर बहुतेक वेळा पेट्रोल कमी पडतंय. एका झटक्यात असेल तर क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला सांगणारा), मेन रिले (इंजिनच्या कॉम्प्युटरला करंट पुरवणारा स्विच), इग्निशन स्विच किंवा वायरिंग. तुम्ही ‘अचानक’ असं लिहिलंय, म्हणून माझा कल दुसऱ्या बाजूला आहे.

पुढच्या वेळी बंद पडली की हॅझार्ड लावून कडेला घ्या. चेंजओव्हर स्विच (पेट्रोल-गॅस बदलायचा) पेट्रोलवर ठेवा, चावी फक्त ऑन करा आणि मागच्या सीटकडे कान द्या. दोन-तीन सेकंद घरघर ऐकू आली, तर पंपाला करंट मिळतोय. मग सेल्फ मारताना आरपीएमच्या काट्याकडे बघा. काटा थोडा उचलला गेला, तर क्रँक सेन्सरचा सिग्नल येतोय. शून्याला चिकटून राहिला, तर संशय सेन्सरवर. काही मॉडेलमध्ये काटा एरवीही हलत नाही, त्यामुळे उद्या सकाळी थंड इंजिनवर तो काय करतो ते आधी बघून ठेवा. तुलना त्याच्याशी करायची.

शिवाय तुमच्याकडे सीएनजी आहे, ही मोठी सोय आहे. बंद पडली तेव्हा गाडी पेट्रोलवर होती की गॅसवर, हे प्रत्येक वेळी लिहून ठेवा. बऱ्याच किटमध्ये स्विच दाबून धरला की गाडी थेट गॅसवर सुरू करता येते. गॅसवर चालली आणि पेट्रोलवर नाही, तर गॅरेजचं म्हणणं खरं असू शकतं. पंप टाकीतल्या पेट्रोलनेच थंड राहतो, आणि सीएनजीवाले टाकी कायम रिझर्व्हवर ठेवतात, त्यात तो जळतो. तरीही आधी गेज लावून प्रेशर मोजून घ्या, एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा पेट्रोल इंजेक्टर असलेल्या) गाडीत साधारण 3 बार असतं. पण दोन्ही इंधनांवर मरत असेल, तर नवा पंप टाकून काहीही होणार नाही.

क्रँक सेन्सरच्या आत बारीक तारेची कॉइल असते. जुनी झाली की गरम असताना तार कुठेतरी तुटते आणि थंड झाल्यावर पुन्हा चिकटते. दोन पिनांचा सेन्सर असेल तर मल्टिमीटरने गरम असतानाच ओहम मोजायला सांगा. सेन्सर बिघडला असेल तर मीटर ओपन, म्हणजे तार तुटलेली, दाखवेल. थंड असताना मोजून उपयोग नाही. स्कॅनरला कोड (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला दोष) आला नाही म्हणून सेन्सर ठीक, असंही धरू नका. या दोषात कोड कित्येकदा येतच नाही, आणि भारतात ओबीडीची (गाडीने स्वतःचे दोष ओळखून नोंदवायची यंत्रणा) सक्ती 2010 पासूनची आहे, त्यामुळे स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर तुमच्या गाडीशी धड बोलेलच असं नाही.

यानंतर मेन रिले. वायरमनकडून झाकण काढून घ्या आणि भिंगाखाली पिनांची सोल्डरिंग बघा. पिनेभोवती केसाएवढी काळी गोल रेघ दिसली की तिथे सांधा सुटलाय. गरम झाल्यावर तोच उघडतो. पुन्हा सोल्डर मारण्यापेक्षा नवा रिले टाका, महाग नसतो.

आपल्याकडच्या खाडीच्या हवेत आर्थिंगही (बॅटरीच्या निगेटिव्हची इंजिन-बॉडीशी जोडणी) खराब होतं. बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापासून इंजिन ब्लॉकपर्यंत, सेल्फ मारत असताना, मल्टिमीटरवर 0.2 व्होल्टपेक्षा बरंच जास्त दिसलं तर आर्थिंगचे बोल्ट खोलून पॉलिश पेपरने घासून घ्या. वरून चकचकीत दिसणाऱ्या लगखाली (वायरच्या टोकाची धातूची कडी) हिरवी भुकटी सापडते. उंदरांनी वायर कुरतडलीय का तेही बघा, सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे फार होतं.

तोवर ही गाडी गायमुखच्या घाटात नेऊ नका, ही कळकळीची विनंती. इंजिन बंद पडलं की पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकचा बूस्टर एक-दोन दाबांपुरताच साथ देतो. उतारावर बंद पडलीच, तर ब्रेक पुन्हा पुन्हा पंप न करता एकदाच घट्ट दाबून धरा, आणि चावी पूर्ण मागे फिरवू नका, स्टिअरिंग लॉक होईल.

काटा हलला का आणि गाडी कुठल्या इंधनावर बंद पडली, या दोन गोष्टी इथे लिहा. सेन्सर घ्यायची वेळ आली तर ओरिजिनलच घ्या, आणि त्याचा कनेक्टर आधी कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून बघा.