चार ८०७ चा लिनियर आणि आपल्याकडची लाइट

तुमचा प्रश्न दोन ओळींत पुन्हा मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही कळेल. घर सेलूकडच्या खेड्यात, हॅम रेडिओचं जनरल ग्रेडचं लायसन्स हातात, घरी बनवलेला एसएसबी रिग (आवाज पाठवणारा रेडिओ संच) ४० मीटर बँडवर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झला, २० वॅट देतो. भंगारात चार ८०७ (जुने ट्रान्समिटरचे व्हॉल्व्ह) मिळालेत, ते समांतर जोडून लिनियर, म्हणजे रिगची पॉवर वाढवणारा अॅम्प्लिफायर, करायचाय. लाइट दिवसा १८० व्होल्ट, रात्री शेतातले पंप बंद झाले की २५५. आणि विचारलंय, की ग्राउंडेड ग्रिड करू का?

नका करू. ८०७ च्या आत बीम प्लेट कॅथोडलाच जोडलेल्या असतात. ग्राउंडेड ग्रिडमध्ये ग्रिड अर्थला आणि ड्राइव्ह (रिगचा सिग्नल) कॅथोडला द्यायचा, म्हणजे तोच आरएफ (रेडिओ सिग्नल) बीम प्लेटवरून थेट मुख्य प्लेटच्या शेजारी जाऊन बसतो आणि सर्किट स्वतःहून ओरडायला लागतं. काही जण व्हॉल्व्हचा बेस काढून ती तार वेगळी करतात. काच तडकली तर व्हॉल्व्ह गेला, आणि एवढ्यासाठी ते करावं असं मला वाटत नाही.

त्यापेक्षा ड्राइव्ह ग्रिडला द्या, आणि ग्रिडवर ५० ओमचा लोड टाका. १ किलोओम, २ वॅटचे वीस फिल्म रेझिस्टर समांतर जोडले की ५० ओम, ४० वॅट झाले. वायरवाउंड चालणार नाहीत, त्यांना इंडक्टन्स असतो. बायस (ग्रिडवरचा स्थिर डीसी व्होल्टेज) उणे ३२ व्होल्टच्या आसपास धरला तर ग्रिडला तेवढाच पीक आरएफ लागतो, म्हणजे ५० ओमवर साधारण १० वॅट. तुमचा रिग अर्ध्यावरच पुरतो. चार व्हॉल्व्हची मिळून इनपुट कपॅसिटी ५० पिकोफॅरडच्या आत राहते, ७ मेगाहर्ट्झला ती त्रास देत नाही. १० मीटर बँडवर देईल, पण तो तुमचा बेत नाही.

आता मुख्य गोष्ट, लाइट. लोक आधी मोठा स्टॅबिलायझर शोधतात. माझं मत असं, की प्लेटचा व्होल्टेज हलला तर हलू द्या. हीटर, स्क्रीन आणि बायस हलता कामा नये. ८०७ सारख्या टेट्रोडमध्ये (कॅथोड, ग्रिड, स्क्रीन, प्लेट असा चार भागांचा व्हॉल्व्ह) प्लेट करंट ठरवते ती मुख्यतः स्क्रीन आणि ग्रिड. प्लेट ६४० वरून ५०० ला आली तर पॉवर कमी मिळेल, आवाज चिरकू लागला तर ड्राइव्ह उतरवा, एवढंच. पण १८० व्होल्ट लाइटवर ६.३ चा हीटर ४.९ वर येतो. अशा थंड कॅथोडकडून पूर्ण करंट ओढला तर त्याचा लेप लवकर झिजतो, आणि माणूस म्हणतो व्हॉल्व्ह जुनेच होते.

यावर सोपा उपाय घरातच आहे: इन्व्हर्टरची १२ व्होल्टची बॅटरी. ८०७ चा हीटर ६.३ व्होल्ट, ०.९ अँपियर. दोन-दोन सिरीजमध्ये घ्या, त्या दोन जोड्या समांतर, एकूण १.८ अँपियर. चार्ज पूर्ण होऊन चार्जर लावलेलाच असताना १३.५ असली तरी प्रत्येकी ६.७५ येतात, लाइट गेल्यावर १२.२ ला ६.१. दोन्ही १० टक्क्यांच्या आत.  फक्त बॅटरीपाशी फ्यूज टाका.

स्क्रीनला ३०० व्होल्ट, झेनरच्या माळेने किंवा मिळाले तर व्हीआर१५० चे (१५० व्होल्ट स्थिर धरणारे) दोन व्हॉल्व्ह सिरीजमध्ये टाकून. प्लेटला एचटी (प्लेटचा मोठा डीसी व्होल्टेज) नसताना स्क्रीनला व्होल्टेज कधीही नको. सगळे इलेक्ट्रॉन स्क्रीनवरच येतात, ती लाल होते आणि वितळते. म्हणून स्क्रीन एचटीमधूनच काढा, एचटी गेली की स्क्रीनही जाते. पण प्लेटची कॅप (व्हॉल्व्हच्या डोक्यावरची जोडणी) सैल असेल तर हीच गत होईल, तेव्हा कॅप घट्ट बसवा.

एचटीचा ट्रान्सफॉर्मर मोंढ्याजवळच्या मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून गुंडाळून घ्या. त्याला ४५० व्होल्ट सांगा, ५०० नको. ब्रिजनंतर ६३६ व्होल्ट डीसी होतात आणि रात्रीच्या २५५ ला ७०५. ५०० घेतले असते तर रात्री ७८० च्या वर गेले असते, आणि ८०७ ची हद्द फार ताणली तरी ७५० आहे. २२० मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे दोन कंडेन्सर सिरीजमध्ये. प्रत्येकावर ४७ किलोओम, १० वॅटचा ब्लीडर (कंडेन्सर रिकामा करणारा रेझिस्टर). ब्लीडर शोभेला नाही. त्या कंडेन्सरमध्ये २० जूलहून जास्त ऊर्जा साठते, तेवढी माणूस मारायला पुरेशी आहे. स्विच बंद केल्यावर पूर्ण एक मिनिट थांबा, मीटरने बघा, मग लाकडी दांड्याला बांधलेल्या अर्थच्या तारेने टेकवून खात्री करा, आणि तेव्हाच हात घाला. ब्लीडर तुटलेला असू शकतो, हे गृहीत धरूनच. घरात कुणी नसताना हे काम करू नका.

आउटपुटला पाय (π) नेटवर्क, म्हणजे प्लेट आणि अँटेना यांचा मेळ घालणारं सर्किट. प्लेट लोड साधारण १२०० ओम, क्यू १२ धरला तर प्लेटकडे २२५ पिकोफॅरड, कॉइल २.६ मायक्रोहेन्री, अँटेनाकडे १००० पिकोफॅरड. शेवटच्यासाठी जुन्या व्हॉल्व्ह रेडिओची गँग (ट्यूनिंगचा फिरता कंडेन्सर), दोन्ही भाग समांतर, छान चालते. प्लेटकडे मात्र ती नको, पात्यांतलं अंतर कमी असतं, ठिणगी पडेल. डीसी अडवणारा कंडेन्सर किमान ३ किलोव्होल्टचा घ्या, आणि अँटेना सॉकेटपासून चेसिसला २.५ मिलिहेन्रीचा चोक लावाच. कंडेन्सर शॉर्ट झाला तर एचटीचा फ्यूज उडेल. चोक नसेल तर ६४० व्होल्ट तुमच्या डायपोलच्या तारेवर जातील. प्रत्येक प्लेट कॅपला ४७ ओम, २ वॅट कार्बन रेझिस्टरवर तारेची चार-पाच वेटोळी, प्रत्येक स्क्रीनला बेसपाशीच ०.०१ मायक्रोफॅरडचा डिस्क कंडेन्सर. ८०७ ला नको तिथे ऑसिलेट व्हायची, म्हणजे स्वतःच सिग्नल बनवायची, खोडच आहे.

भंगारातले व्हॉल्व्ह आधी नीट बघा. काचेच्या आतला चांदीसारखा डाग पांढरा पडला असेल तर हवा शिरली, तो फेकून द्या. बाकीच्यांना नुसता हीटर लावून काही तास तापू द्या. चालू असताना काचेच्या भिंतीवर निळसर झाक दिसली तर घाबरू नका. प्लेटच्या आत जांभळट-गुलाबी दिसलं तर तो गॅसी झालाय. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४२ च्या वर जातो, तेव्हा पंखा हवाच, आणि दर हंगामाआधी बेसची धूळ ब्रशने काढा.

अर्थिंगचं तेवढं बघा. काळी माती मेमध्ये भेगाळते, सळईभोवती पोकळी पडते. कोळसा-मीठ घालून खड्डा करा आणि उन्हाळाभर पाणी ओता. वळवाचं आभाळ दिसलं की कोअॅक्स (अँटेनाची केबल) काढून घराबाहेर टाका.

मिळणार किती? साधारण १०० वॅट. २० वरून १०० म्हणजे ७ डेसिबल, एका एस-युनिटहून (रिसीव्हरच्या सिग्नल मीटरची एक पायरी) थोडं जास्त. डायपोल (तारेची अँटेना) १० मीटर उंच नसेल तर आधी तो वर न्या, त्याला लाइट लागत नाही.

पहिल्यांदा चालू करताना एचटी ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला १०० वॅटचा जुना, तारेचा बल्ब सिरीजमध्ये ठेवा. दिवा क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. पूर्ण पेटलेला राहिला तर बंद करून शॉर्ट शोधा. मग दिवा काढा आणि ड्राइव्ह न देता बायस फिरवून चौघांचा मिळून ८० ते १०० मिलीअँपियर करंट बसवा. एखादी प्लेट लालसर दिसली तर तो व्हॉल्व्ह जास्त ओढतोय, त्याला वेगळा बायस पॉट लागेल. तो आकडा स्थिर राहिला की मग डमी लोडवर (अँटेनाऐवजी जोडायचा रेझिस्टर) ड्राइव्ह द्या.