फील्डवर निघण्याआधी पॉलिसीचं ते एक पान वाच

एमआरची (औषध कंपनीच्या प्रतिनिधीची) नोकरी आणि स्वतःची पांढऱ्या पाटीची गाडी, म्हणजे एजंटला प्रीमियम विचारण्याआधी पॉलिसीतलं 'लिमिटेशन्स ॲज टू यूज', म्हणजे गाडी कशासाठी वापरता येते ते कलम, शोध. बारीक अक्षरात असतं, पण क्लेमच्या वेळी सर्व्हेअर तेच आधी बघतो. आपल्याकडच्या खासगी कारच्या पॅकेज पॉलिसीत (थर्ड पार्टी आणि स्वतःच्या गाडीचं नुकसान, दोन्ही असलेल्या) डॉक्टरांच्या भेटींना जाणं सहसा बसतं. बसत नाही ते भाड्याने गाडी चालवणं आणि मालवाहतूक. मालवाहतुकीच्या या बंदीतून सॅम्पल आणि स्वतःचं सामान वगळलेलं आहे, म्हणून तुझी बॅग चालते. स्टॉकिस्टकडची (औषधांच्या घाऊक विक्रेत्याकडची) खोकी 'जाता जाता टाक' म्हणून मॅनेजरने डिकीत भरली, की तो माल झाला. तिथे सरळ नाही म्हण. क्लेम अडला तर मॅनेजर वर्कशॉपचं बिल भरणार नाहीये.

फक्त थर्ड पार्टी (समोरच्याचं नुकसान भरणारी पॉलिसी) घेऊन पैसे वाचवायचा विचार असेल तर सोडून दे. त्यात तुझ्या गाडीचं नुकसान मिळत नाही, आणि शेजारी बसलेल्या सहकाऱ्याला लागलं तर तोही त्यात येत नाही. पॅकेजमध्ये येतो. मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघात विमा गाडी तुझ्याच नावावर असेल तरच लागू होतो. वडिलांच्या नावावर असेल तर तुझी सोय वेगळी बघ.

नोकरीतला प्रवासभत्ता घेतला तर ते 'भाड्याने चालवणं' धरतील का, अशी शंका असेल तर विमा कंपनीला ईमेल कर. फोनवरचं 'हो सर, चालतं' नंतर कुणालाच आठवत नाही.