मिनेसोटात मस्की गरवायचा आहे, कुठलं लुअर घेऊ?

तुम्ही लिहिलंय की मिनेसोटात येऊन दीड वर्ष झालं, वॉलाय आणि बास हे मासे बऱ्यापैकी लागतात, आता या उन्हाळ्यात मस्की, म्हणजे इथला तो दातांचा मोठा शिकारी मासा, धरायचाय. लुअर (गरीचं खोटं आमिष) कुठलं घ्यावं, आणि मासा खायला कसा लागतो?

लुअरचं नंतर सांगतो. आधी जाळं घ्या.

थट्टा करत नाहीये. मी अलिबागकडचा. लहानपणी खाडीवर दोरा हाताला गुंडाळून गरी टाकत बसायचो, त्यामुळे इथे आल्यावर मासेमारीतलं आपल्याला कोण काय शिकवणार अशी घमेंड होती. पहिल्या वर्षी नऊ लुअर घेतले आणि जाळं मात्र वॉलायचंच ठेवलं. पहिला मस्की लागला तो ३८ इंची, म्हणजे इथल्या मानाने पोरगाच. अर्धा जाळ्यात, अर्धा बाहेर. त्याने एक गिरकी घेतली आणि एक ट्रेबल हुक (तीन टोकांचा गळ) जाळ्याच्या गाठींत, दुसरा माझ्या अंगठ्यात. मासा, जाळं आणि मी, तिघंही एकाच गळाला. रात्र इमर्जन्सीत गेली.

म्हणून तोंड मोठं, पोट खोल आणि दोऱ्यांवर रबराचा थर असलेलं जाळं. मासा बोटीत उचलायचा नाही. जाळं पाण्यातच राहू द्यायचं, मासा त्यातच तरंगत असताना हुक काढायचे. त्यासाठी फूटभर लांबीची पक्कड आणि हुकाची पोलादी तार तोडणारी कटर हाताशी हवी. हुक खोल रुतला असेल तर ओढाताण करू नका, सरळ तोडा. नवा हुक स्वस्त आहे. फोटो काढायचा तर मासा आडवा धरा, एक हात कल्ल्याच्या झाकणाखाली, दुसरा पोटाखाली. जबड्याला धरून उभा लटकवलेला मोठा मासा पोहत गेला तरी जगेलच असं नाही.

आता रॉड. तुमचा बासचा रॉड यात टिकणार नाही. नऊ फुटी हेवी रॉड, दणकट बेटकास्टिंग रीळ, ८० ते १०० पौंडी ब्रेड, म्हणजे विणलेला दोरा, आणि पुढे लुअरजवळ स्टीलचा किंवा १३० पौंडी फ्लुरोकार्बनचा लीडर, म्हणजे दातांना न तुटणारा तुकडा. लीडर विसरलात तर त्या दातांपुढे ब्रेड म्हणजे शिवणाचा दोरा. लांब रॉडचा फायदा फेकीला होतोच, पण खरा फायदा बोटीच्या कडेला होतो.

कारण हा मासा मागे मागे येतो. वॉलाय असं करत नाही. मस्की तुमच्या लुअरच्या मागे दोन हातांवरून, तोंड मिटून, पार बोटीपर्यंत येतो आणि बघत राहतो. मला पहिल्यांदा असा दिसला तेव्हा मी रीळ फिरवायचंच थांबलो. ओंडक्याएवढी सावली, तिला डोळे, आणि मी नुसता बघतोय. लुअर थांबला, त्याचा रस निघून गेला, तो खाली उतरला. पळणारं भक्ष्य शिकाऱ्यासमोर अचानक उभं राहत नाही, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. मागे मासा दिसला की वेग वाढवायचा, कमी करायचा नाही.

आणि मग आठचा आकडा. इंग्रजी आठ बरं का, आपला ८ काढलात तर मासा अर्ध्यातून निघून जाईल. लीडर रॉडच्या टोकापासून वीतभर-दीड वीत राहिला की रॉडचं टोक पाण्यात खुपसायचं आणि बोटीच्या कडेने आडवा आठ काढायला लागायचं. वळणं मोठी हवीत. चार फुटी माशाला लहान वळण घेता येत नाही, लुअर त्याच्या नजरेआड गेला की तो सोडून देतो. वळणावर लुअर किंचित वर आणा, पुष्कळदा झडप तिथेच पडते. पडली की रॉड आकाशाकडे उचलू नका, मासा जातोय त्याच्या उलट बाजूला, आडवा ओढा. मासा दिसो न दिसो, प्रत्येक फेकीनंतर एक आठ काढायचाच. गढूळ पाण्यात आणि अंधारात तो खाली असतो आणि आपल्याला पत्ता नसतो. पाचशेव्या फेकीला कंटाळून मी आठ काढला नाही तेव्हाच खाली पाणी फुटलं. या माशाला इथले लोक दहा हजार फेकींचा मासा म्हणतात, ती अतिशयोक्ती वाटते खरी, पण पहिल्या उन्हाळ्यात मी तिच्या बाजूचा झालो होतो.

लुअर दोन पुरे. एक मोठं बकटेल, म्हणजे केसांच्या झुपक्याचं, दोन मोठी पाती फिरणारं. उन्हाळ्यात शेवाळाच्या वरून जोरात ओढायला. दुसरं रबराचं जाडजूड, ऑक्टोबरनंतर हळू खालून आणायला. संध्याकाळी पाणी शांत असेल तर वर खळखळ करत येणारं टॉपवॉटर मजा देतं, पण ते हौसेचं.

जागा शोधताना पाणवनस्पतींची बाहेरची कड, खडकाळ उंचवटे, आणि ज्या बाजूला वारा आदळतोय ती बाजू. बोट सांभाळायला ती बाजू त्रासाची असते, म्हणून बाकीचे टाळतात. ट्विन सिटीजमध्येच (मिनिआपोलिस-सेंट पॉल) असाल तर मिनेटोंका आणि व्हाइट बेअर हे तलाव जवळ आहेत. तिथले मस्की सरकारी खात्याने सोडलेल्या पिल्लांचे. पूर्वी शूपॅक तलावाच्या वाणाची पिल्लं सोडत, ती फार वाढत नसत. १९८० च्या दशकापासून लीच लेकचं वाण आलं आणि चित्र पालटलं. उत्तरेला मिल लॅक्स तलाव. मासे थोडे, पण अवाढव्य. राज्याचा १९५७ चा ५४ पौंडांचा विक्रम २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये तिथेच मोडला.

हंगाम जूनच्या पहिल्या शनिवारी उघडतो, तरी त्या वर्षीची नियमपुस्तिका बघाच. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी ८० अंश फॅरनहाइटच्या वर गेलं की मी मस्कीला हात लावत नाही. गरम पाण्यात प्राणवायू कमी, झुंजीने दमलेला मासा सोडला तरी मरतो. त्या दिवसांत बास गरवा.

आणखी एक, पाइक हा मस्कीचाच भाऊबंद, त्याला मस्की समजून फोटो टाकू नका, लोक फार हसतात. पाइकच्या गडद अंगावर फिकट ठिपके असतात आणि शेपटीची टोकं गोलसर. मस्कीचं अंग फिकट, त्यावर गडद पट्टे किंवा ठिपके, कधी काहीच नाही; शेपटीची टोकं अणकुचीदार. शंका आली तर जबड्याखालची छिद्रं मोजा: एका बाजूला पाच किंवा कमी असली तर पाइक, सहा किंवा जास्त असली तर मस्की.

खायचं म्हणाल तर मिनेसोटात बहुतेक पाण्यांत ५४ इंचांखालचा मस्की ठेवता येत नाही, आणि ५४ इंची मादी म्हणजे कितीतरी वर्षं तलावात काढलेली म्हातारी. ती लागली तर मोजा, फोटो काढा, सोडा. माझ्या सासूबाई इथे आल्या होत्या तेव्हा ४६ इंची मासा पाण्यात सोडताना त्यांनी बघितला. दोन दिवस माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी वॉलाय आणून दिला, त्यांनी आगळ आणि लाल तिखट लावलं, रव्यात घोळवून तळला, मग जरा निवळल्या.