रोज सकाळी त्याचे पोट दुखते

प्रश्न : माझा तेरा वर्षांचा मुलगा आठवीत आहे. ४ ऑक्टोबर २०२१ ला शाळा सुरू झाली, पण तो दोनच दिवस गेला. रोज सकाळी पोट दुखते म्हणतो आणि दुपारी ठणठणीत असतो. रात्री दोनपर्यंत मोबाईल चालतो. एप्रिलमध्ये माझे सासरे कोरोनाने गेले. तेव्हा तो कोथरूडला मामाकडे होता. दर रविवारी हे आजोबा त्याला पर्वतीच्या टेकडीवर नेत, पण त्यांच्याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. वर्गशिक्षिका शिस्त लावा म्हणतात. मी कठोर व्हावे का?
– एक आई, सिंहगड रस्ता, पुणे

उत्तर : कठोर होऊ नका, ताई. बालरोगतज्ज्ञांना एकदा जरूर दाखवा, मात्र त्यांनी 'काही नाही' म्हटले तरी त्याला नाटकी ठरवू नका, कारण मनावरच्या ताणाने पोट खरोखरच दुखते.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाली तेव्हा तो सहावीत होता. सातवीचे अख्खे वर्ष पडद्यासमोर गेले, आणि ज्या वयात मुले आईवडिलांपासून सुटून मित्रांकडे सरकतात, नेमक्या त्याच वयात तो दीड वर्ष घरात राहिला. ऑक्टोबर २०२१ मध्ये शाळा उघडली तेव्हाही कोरोनाच्या नियमांमुळे एका बाकावर एकट्यानेच बसायचे होते.

सासऱ्यांचा विषय तुम्ही पत्रात दोन-तीन ओळींत उरकला आहे. घरातही तसेच झाले असावे, असे मला वाटते. मुलाला त्रास नको म्हणून मोठी माणसे गप्प राहतात आणि मोठ्यांना रडू येईल म्हणून मूल गप्प राहते. दुसऱ्या लाटेनंतर हे कितीतरी घरांत घडले आहे. आजोबांचे शेवटचे दिवस कसे गेले, त्याला मामाकडे का ठेवले, हे त्याला तुम्ही दोघांनी सरळ सांगा. सांगताना तुमच्या डोळ्यांत पाणी आले तरी चालेल.

झोपेचे म्हणाल, तर या वयात शरीराचे घड्याळच थोडे पुढे सरकते, पण आठ ते दहा तास झोप हवीच. मोबाईल हिसकावण्याऐवजी दर तीन-चार दिवसांनी झोपण्याची वेळ अर्धा तास अलीकडे आणा आणि रात्री घरातले सगळे मोबाईल दिवाणखान्यात ठेवा. (सगळे, म्हणजे त्याच्या बाबांचाही.)

शिक्षिकांना भेटून आजोबांबद्दल सांगा. त्यांना ते ठाऊक नसेल. शाळा उघडल्या तेव्हा (ऑक्टोबर २०२१) येण्यासाठी पालकांची संमती लागत होती, हजेरीची सक्ती नव्हती, त्यामुळे पहिला आठवडा दोनच तास बसण्याची मुभा मागायला संकोच नको. जवळचा एखादा मित्र फाटकाशी थांबला, तर शिस्तीच्या उपदेशापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

मात्र त्याचे जेवण तुटले, तो स्वतःला इजा करू लागला किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलला, तर थांबू नका. तसा विचार मनात येतो का, हे त्याला स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. त्याला एकटे न सोडता ससूनच्या किंवा जवळच्या रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी चोवीस तास सुरू असते.

कोरोनामुळे बंद असलेली देवळे २०२१ च्या नवरात्रापासून उघडली. या रविवारी त्याच्या बाबांनी त्याला पर्वतीवर न्यावे. पायऱ्या चढताना शाळेचा विषय काढू नये. तो आजोबांबद्दल बोलला तर ऐकावे, नाही बोलला तर पुढच्या रविवारी पुन्हा न्यावे.