दुकानदाराने उघडलेला गेम नवा म्हणून विकला, तर पैसे परत मागता येतात का?

तुम्ही लिहिलंय की सोलापूरच्या नवी पेठेतून पीएस५चा (म्हणजे प्लेस्टेशन ५ या गेमिंग कन्सोलचा) गेम पूर्ण किमतीला घेतला, घरी येऊन बघितलं तर डिस्कवर बोटांचे ठसे, आणि दुकानदार म्हणतोय, "डिस्प्लेचा पीस आहे ओ, नवाच आहे की."

मागता येतात. पण आधी या डिस्प्ले पीसचा निकाल लावू, कारण हे वाक्य काउंटरवर फेकलं की गिऱ्हाईक गप्प बसतं आणि मला नेमकी त्याचीच चीड आहे. चोरी होऊ नये म्हणून दुकानदार बॉक्स उघडून रिकामा डबा फळीवर लावतो आणि डिस्क कागदी पाकिटात घालून ड्रॉवरमध्ये ठेवतो, इथपर्यंत ठीक. पण त्याच ड्रॉवरमध्ये एक्स्चेंजला आलेल्या डिस्कही पडलेल्या असतात. एकाच गेमच्या दोन डिस्क शेजारी आल्या की कुठली कोणाची हे खुद्द दुकानदारालाही सांगता येत नाही. कन्सोल तर सांगतच नाही. पीएस४-पीएस५ची डिस्क कुठल्याही अकाउंटला बांधलेली नसते. सेव्ह (म्हणजे खेळ कुठवर आला त्याची नोंद) आणि खेळात मिळालेल्या ट्रॉफ्या कन्सोलवर आणि अकाउंटवर राहतात, डिस्कवर काही उमटत नाही. (निन्टेंडोच्या जुन्या डीएस या हातातल्या कन्सोलच्या गेम कार्डात सेव्ह कार्डावरच राहायची, तिथे आधीच्या मालकाचं नावसुद्धा सापडतं.) म्हणजे "लावून बघा, नवाच आहे" या म्हणण्याला काडीचा अर्थ नाही. जुनी डिस्कही तशीच चालते. म्हणून तर हा धंदा चालतो.

विजापूर रोडच्या एका कॉलेजच्या पोराचं प्रकरण सांगतो, त्यात सगळं येतं. त्याला मिळालेला बॉक्स चक्क सीलबंद होता. एमआरपी ४,९९९, त्यात दोनशे सोडले, पोरगा खूश. पण डब्यावरची प्लास्टिकची फिल्म बघितली तर तिन्ही कडांवरून बारीक वितळलेली शिवण गेलेली आणि पाठीमागे टाचणीने पाडल्यासारखी दोन भोकं. हे काम दुकानातल्या साध्या सीलरचं आणि हॉट एअर गनचं. श्रिंक फिल्मच्या पिशवीत डबा घालायचा, कडा सील करायच्या, गरम हवा मारायची. आतली हवा बाहेर जायला भोकं लागतात, नाहीतर फिल्म फुगते. हवा जरा जास्त लागली की कोपऱ्यावर प्लास्टिक कडक गोळा होतं आणि डब्याची कड आत दबते. कारखान्याचं पॅकिंग बहुतेक वेळा वेगळं असतं: पाठीवर एक उभा सांधा, आणि वरच्या-खालच्या बाजूला पाकिटासारख्या घड्या घालून चिकटवलेलं. बिस्किटाच्या पुड्याची टोकं आठवा.

एवढ्यावर दुकानदार मानला नसता. त्याला अडवलं ते आतल्या चिठ्ठीने. डब्यात बोनसचा १२ अक्षरांचा कोड होता. पोराने तो पीएस स्टोअरवर, म्हणजे प्लेस्टेशनच्या ऑनलाइन दुकानात, टाकला, तर कोड आधीच वापरलेला असल्याचा संदेश आला. दुकानदार म्हणाला, "सर्व्हर डाऊन असेल." सर्व्हर बंद असला तर असा संदेश येत नाही. कोड दुसऱ्या देशाचा असला तरी तो चालत नाही, पण तेव्हाचा संदेश वेगळा असतो. वापरलेला म्हणजे कोणीतरी आधी टाकलेला. मग म्हणाला, "कोडचे पैसे कुठं घेतलेत?" अरे बाबा, एमआरपी पूर्ण बॉक्सची आहे, कोडसकट! शेवटी त्याने दुसरी कॉपी दिली, पैसे दिले नाहीत, आणि पोराने ती घेतली. माझ्या मते घ्यायला नको होती. तीही त्याच ड्रॉवरची.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. २०११ मध्ये अमेरिकेत गेमस्टॉप या गेमच्या दुकानांच्या साखळीने डेउस एक्स: ह्यूमन रेव्होल्यूशन या गेमच्या पीसीच्या नव्या डब्यांतून ऑनलाइव्ह या इंटरनेटवरून गेम खेळू देणाऱ्या सेवेची कुपनं आपल्या दुकानांना काढून घ्यायला लावली आणि डबे नवे म्हणूनच विकले. बोभाटा झाल्यावर गिऱ्हाइकांना ५० डॉलरचं गिफ्ट कार्ड देऊ केलं.

आता तुमची डिस्क. ट्यूबलाइटखाली तिरकी धरा. मधल्या भोकाभोवतीच्या पारदर्शक कड्यावर घासल्याच्या खुणा असतील तर डिस्क फिरलेली आहे. कडेपासून आत जाणाऱ्या फिक्या समांतर रेषा दिसल्या तर ते कन्सोलच्या डिस्क आत ओढणाऱ्या स्लॉटमधल्या रबरी रोलरचं काम. गोल ओरखडा म्हणजे फिरत असताना कोणीतरी कन्सोल हलवलाय. आणि दुकानदाराने "पॉलिश मारून देतो" म्हटलं तर डिस्क हातात देऊ नका. डीव्हीडीत डेटाचा थर पृष्ठभागापासून ०.६ मिलिमीटर आत असतो, ब्लू-रेमध्ये जेमतेम ०.१ मिलिमीटर. घासायला तिथे जागाच नाही. टूथपेस्ट तर नावालाही नको.

कायदा तुमच्या बाजूने आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २(४७): जुना किंवा वापरलेला माल नवा म्हणून दाखवणं ही अनुचित व्यापारी प्रथा. बिल न देणं हीसुद्धा त्यातच येते. "पक्कं बिल हवं तर जीएसटी वरून लागेल" हे वाक्य ऐकलं असेलच. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, वरून एक रुपया मागता येत नाही. यूपीआयच्या नोंदीत फक्त रक्कम दिसते, काय घेतलं ते दिसत नाही, म्हणून बिलावर गेमचं नाव आणि "नवा" असं लिहून घ्यायचं. तुमच्याकडे बिल नसेल तर आज व्हॉट्सअ‍ॅपवर मागा. तो काहीही उत्तर देवो, ते तुमच्या कामाचं. "डिस्प्लेचा पीस आहे" असं त्याने लिहून दिलं तर उत्तमच, डबा उघडल्याची कबुली झाली.

फिल्म, डबा, चिठ्ठी आणि डिस्कचे फोटो काढून ठेवा. कोड अजून टाकला नसेल तर एकट्याने टाकू नका. दुकानात, व्हिडिओ चालू ठेवून टाका, नाहीतर तूच वापरलास म्हणायला तो मोकळा. ऐकलं नाही तर १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार. त्यानंतर सोलापूरचा जिल्हा ग्राहक आयोग: पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागत नाही, मुदत दोन वर्षांची.

एक सांगायचं राहिलं. नुसत्या ठशांवर आयोगासमोर फार काही टिकणार नाही. सीलबंद डब्यातही डिस्क खुंटीवरून सुटते आणि वाहतुकीत घासते. काही देशांतल्या प्रती कारखान्यातूनच श्रिंक फिल्ममध्ये येतात, तेव्हा एकट्या शिवणीवरूनही ठरवू नका. दोन-तीन खुणा एकत्र मिळाल्या पाहिजेत. आणि सेकंड हँड असं सांगून, निम्म्या किमतीत विकणाऱ्या दुकानदाराशी माझं काही भांडण नाही. मीही तशाच घेतो. तुमच्या दुकानदाराला एवढंच विचारा की हीच डिस्क उद्या त्याच काउंटरवर एक्स्चेंजला आणली, तर तिला नव्याचा भाव देणार का.